सामायिक मेमरीचा बंदोबस्त : सी भाषेतील थ्रेडसमन्वयाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

एकाच प्रोग्रामच्या पोटात अनेक आज्ञाप्रवाह एकाच वेळी चालावेत, त्या सर्वांनी एकच मेमरी वापरावी, आणि तरीही प्रोग्रामचे उत्तर दर खेपेस बरोबरच यावे, ही अपेक्षा ऐकावयास साधी आहे. परंतु ती पुरी करण्याची जबाबदारी प्रोग्राम लिहिणाराची, भाषेची, ऑपरेटिंग सिस्टिमची की प्रत्यक्ष यंत्राची, या प्रश्नाचा सर्वमान्य निवाडा साठ वर्षांच्या विचारमंथनानंतरही झालेला नाही. या आज्ञाप्रवाहांस थ्रेड म्हणतात, आणि त्यांच्या परस्परव्यवहारास शिस्त लावण्याच्या उपायांस समन्वयन. सी भाषेच्या बाबतीत हा प्रश्न विशेष गंभीर ठरतो, याचे कारण असे की, लिनक्सच्या कर्नलपासून घरोघरच्या उपकरणांतील नियंत्रकांपर्यंत संगणकविश्वाचा फार मोठा पाया या भाषेवर उभा आहे, आणि तरीही मेमरीच्या रक्षणाचा भार या भाषेने आरंभापासूनच प्रोग्रामरच्या शिरावर ठेवलेला आहे.

दोष उद्भवतो तो कसा, हे एका लहान उदाहरणावरून स्पष्ट होईल. एखाद्या गणकात एकाची भर घालणे हे सी भाषेत एका ओळीचे काम. परंतु प्रोसेसरच्या दृष्टीने त्यात सामान्यतः तीन कृती असतात : मेमरीतील आकडा रजिस्टरमध्ये आणणे, त्यात एक मिळवणे, आणि आलेला आकडा परत मेमरीत लिहिणे. दोन थ्रेडांनी प्रत्येकी दहा लाख वेळा अशी भर घातली, तर अखेरीस गणकात वीस लाखांची वाढ दिसावयास हवी. पण पहिल्या थ्रेडने ४१ हा आकडा उचलल्यावर आणि ४२ परत लिहिण्यापूर्वी दुसऱ्या थ्रेडनेही ४१ च उचलला, तर दोघेही ४२ लिहितात, आणि एक भर हिशेबातून कायमची नाहीशी होते. हीच रेस कंडिशन. ती दर वेळी घडत नाही. परीक्षेच्या वेळी हजार खेपा प्रोग्राम निर्दोष चालतो. आणि दोष शोधण्यासाठी मधे छपाईची एक ओळ घातली, तरी तेवढ्याने कालक्रम बदलून दोष दडून बसतो. नेहमीच्या दोषाची पुनरावृत्ती करून त्याचे मूळ शोधण्याचा जो शिरस्ता, तो येथे निरुपयोगी ठरतो, आणि म्हणूनच या विषयात केवळ चाचणीवर विसंबता येत नाही.

पूर्वपीठिका

या विषयाचा पाया सी भाषेच्या जन्मापूर्वीच घातला गेला. १९६५ साली डच शास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी परस्परवर्जनाचा प्रश्न, म्हणजे सामायिक साधनावर एका वेळी एकाचाच ताबा कसा राहील हा प्रश्न, काटेकोरपणे मांडला, आणि दोन प्रक्रियांपुरती त्याची उकल डेकर यांनी केल्याचे श्रेयही नमूद केले. त्याच सुमारास त्यांनी सेमाफोरची कल्पना मांडली. सेमाफोर म्हणजे एक पूर्णांक आणि त्यावरील दोन अविभाज्य क्रिया : एकीने परवानगी मागावी व ती मिळेपर्यंत थांबावे, दुसरीने ती परत करावी. आइंडहोव्हेन येथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही कल्पना प्रत्यक्ष अंमलात आली.

सेमाफोरमध्ये सामर्थ्य होते, पण शिस्तीची सक्ती नव्हती. परवानगी परत करण्याचे एखाद्याने विसरल्यास सारी यंत्रणा खोळंबून राही. कॉफमन, एल्फिक व शोशानी यांनी १९७१ साली डेडलॉकच्या, म्हणजे परस्परांची वाट पाहत कायमचे अडकून पडण्याच्या, चार आवश्यक अटी सांगितल्या : ताबा एकाचाच असणे, एक साधन धरून दुसऱ्याची वाट पाहणे, ताबा बळाने काढून न घेता येणे, आणि वाट पाहणाऱ्यांचे चक्र पुरे होणे. यांपैकी एक जरी अट मोडली तरी डेडलॉक टळतो. आजही लॉक ठरलेल्या क्रमानेच घ्यावेत असे जे शिकविले जाते, ते यांतील चौथी अट मोडण्यासाठीच. पुढे पेर ब्रिंच हान्सेन आणि टोनी होर यांनी १९७३-७४ च्या सुमारास मॉनिटरची कल्पना पुढे आणली. तिच्यात सामायिक माहिती व तिच्यावर चालणाऱ्या क्रिया एकाच चौकटीत बांधल्या जात, आणि लॉक घेण्या-सोडण्याचे काम कंपायलर स्वतःकडे घेई. जबाबदारी प्रोग्रामरकडून भाषेकडे सरकविण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होय.

लायब्ररीचा मार्ग

सी भाषा १९७२ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांच्या हातून आकारास आली तेव्हा युनिक्समध्ये एकाच वेळी अनेक कामे चालविण्याचे साधन होते ते स्वतंत्र प्रक्रियांचे. प्रत्येक प्रक्रियेची मेमरी निराळी, आणि त्यांच्यातील देवघेव पाइपसारख्या ठरीव मार्गांनी. त्यामुळे १९८९ च्या पहिल्या अधिकृत प्रमाणात थ्रेडांचा उल्लेखही नाही, आणि भाषेचे काल्पनिक यंत्र एकाच आज्ञाप्रवाहाचे मानलेले आहे. दरम्यान कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या माख प्रकल्पात सी थ्रेड्स नावाचे पॅकेज तयार झाले, निरनिराळ्या युनिक्स कंपन्यांनी आपापल्या लायब्ररी काढल्या, आणि या विस्कळीत कारभारास एकसूत्रीपणा आणण्यासाठी १९९५ साली युनिक्सवर्गीय सिस्टिमांच्या पॉझिक्स या प्रमाणमालेतील थ्रेडविषयक प्रमाण मंजूर झाले. त्यालाच आपण पीथ्रेड्स म्हणून ओळखतो. म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडच्या ताब्यात राहणारा लॉक), कंडिशन व्हेरिएबल (अट पुरी होईपर्यंत झोपण्याची व जागे करण्याची सोय), थ्रेड निर्माण करणे व त्याच्या समाप्तीची वाट पाहणे, हा आजच्या सी प्रोग्रामरचा नित्याचा संच येथूनच आला.

या संचात मॉनिटरची छाया स्पष्ट दिसते, मात्र ती होर यांच्या मूळ रूपातील नव्हे. झेरॉक्सच्या मेसा भाषेतील अनुभव सांगताना लॅम्पसन व रेडेल यांनी १९८० साली असे प्रतिपादले की, जागे करण्याचा इशारा हा हमी न मानता केवळ सूचना मानावा. पीथ्रेड्सने हाच अर्थ पत्करला. म्हणून रांगेत माल येण्याची वाट पाहणाऱ्या थ्रेडने जागे झाल्यावर अट पुन्हा तपासावी लागते. म्यूटेक्स सोडणे व झोपी जाणे ही क्रिया जरी अविभाज्य असली, तरी जागे होऊन म्यूटेक्स परत हाती येईपर्यंत तिसऱ्याच थ्रेडने तो माल उचललेला असू शकतो. शिवाय विनाकारण जागे होण्याची मुभाही प्रमाणाने दिलेली आहे. सबब येथे ‘इफ’ लिहिणे चूक व ‘व्हाइल’ लिहिणे आवश्यक ठरते.

लिनक्समध्ये या प्रमाणाची अंमलबजावणी प्रथम झेव्हिए लरॉय यांच्या लिनक्सथ्रेड्सने अपुऱ्या स्वरूपात केली. पुढे २००२ च्या सुमारास फ्युटेक्स ही सोय कर्नलमध्ये आली, आणि उलरिक ड्रेपर व इंगो मोल्नार यांच्या तिच्या आधारे रचलेल्या एनपीटीएल या लायब्ररीने २००३ पासून लिनक्सथ्रेड्सची जागा घेतली. फ्युटेक्सची युक्ती अशी की, झगडा नसताना लॉक घेणे हे एका अणुक्रियेत, म्हणजे अविभाज्य क्रियेत, कर्नलला हाक न मारताच उरकावे, आणि दुसऱ्याने लॉक धरलेला असेल तेव्हाच कर्नलकडे दाद मागावी. यामुळे लॉक मुळातच महाग असतो हा समज बराचसा मागे पडला. महाग असतो तो त्यासाठी होणारा झगडा.

अनुभवाची साक्ष

या साधनांनी काय साधले आणि काय हातचे निसटले, याचा उत्तम दाखला मार्स पाथफाइंडर या यानाचा होय. ४ जुलै १९९७ रोजी ते मंगळावर उतरले, आणि पुढे काही दिवसांतच त्याचा संगणक वारंवार पुन्हा सुरू होऊ लागला. हवामानाची माहिती जमविणाऱ्या कनिष्ठ प्राधान्याच्या कामाने सामायिक बसचा म्यूटेक्स धरलेला असे. त्याच वेळी उच्च प्राधान्याचे बस-व्यवस्थापनाचे काम त्या म्यूटेक्ससाठी खोळंबे. आणि मधल्या प्राधान्याचे दळणवळणाचे काम कनिष्ठ कामास बाजूस सारून दीर्घकाळ चालत राही. परिणामी सर्वांत तातडीचे काम सर्वांत मागे पडे, आणि वेळेत काम पुरे न झाल्याचे पाहून रक्षक यंत्रणा संगणक पुन्हा सुरू करी. या दोषाचे नाव प्राधान्यविपर्यय. त्याचा उपाय, म्हणजे लॉक धरणाऱ्यास वाट पाहणाऱ्याचे प्राधान्य तात्पुरते बहाल करणे, शा, राजकुमार व लेहोत्स्की यांनी १९९० साली सविस्तर मांडलेला होता, आणि यानातील व्हीएक्सवर्क्स या सिस्टिममध्ये त्याची तरतूदही होती. फक्त त्या म्यूटेक्सपुरती ती बंद होती. पृथ्वीवरून बदल पाठवून ती चालू करताच दोष मिटला.

सर्वच प्रसंगांचा शेवट असा गोड झाला नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात व कॅनडात सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली, त्यास अनेक कारणे होती. त्यांपैकी एक असे की, ओहायोतील एका नियंत्रणकक्षाची इशारा देणारी यंत्रणा रेस कंडिशनमुळे मुकी झाली होती, आणि तिचे मुकेपण कर्मचाऱ्यांच्या ध्यानातही आले नव्हते. तद्वत् लिनक्स कर्नलमध्ये २००७ पासून असलेला ‘डर्टी काऊ’ हा रेसचा दोष २०१६ साली उघड झाला. त्याच्या आधारे सामान्य वापरकर्त्यास केवळ वाचनाची मुभा असलेल्या फायलीतही लेखन करता येत असे. जगातील अत्यंत अनुभवी सी प्रोग्रामरांच्या नजरेतून असा दोष नऊ वर्षे सुटतो, ही गोष्ट कोणत्याही पक्षाने दृष्टिआड करू नये.

चार प्रमुख पक्ष

पहिला पक्ष शिस्तबद्ध लॉकांचा. या पक्षाचे म्हणणे असे की, सामायिक मेमरी हेच आजच्या यंत्राचे खरे रूप आहे, माहितीच्या नकला न करता ती सर्वांस उपलब्ध होणे हा मोठा लाभ आहे, आणि कोणत्या माहितीचे रक्षण कोणता लॉक करतो हे नीट ठरविल्यास धोका आटोक्यात राहतो. लिनक्स कर्नलचा इतिहास या पक्षाच्या बाजूने सांगितला जातो : १९९६ मध्ये सर्व कर्नलवर मिळून एकच मोठा लॉक होता, तो हळूहळू शेकडो लहान लॉकांत विभागत २०११ साली पूर्णपणे काढून टाकण्यात आला. पण त्या कामास लागलेली पंधरा वर्षे प्रतिपक्षही आपल्या पुराव्यात दाखल करतो.

दुसरा पक्ष घटनाचक्राचा व संदेशांचा. जॉन औस्टरहाउट यांनी १९९६ साली असे मत मांडले की, बहुतेक कामांसाठी थ्रेड हा चुकीचा मार्ग असून, एकाच प्रवाहात घटना क्रमाने हाताळणे पुरेसे आहे. एन्जिनएक्स हा सर्व्हर घटनाचक्रावर चालतो आणि रेडिसमध्ये आज्ञांची अंमलबजावणी मुख्यतः एकाच थ्रेडवर होते. दोन्ही सी भाषेतच लिहिलेले आहेत. याच पक्षाची दुसरी शाखा होर यांच्या १९७८ च्या संदेशविनिमयाच्या सिद्धान्तातून निघते. इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर हे प्रोसेसर त्याच विचारावर घडले, आणि पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली उभारलेला परम ८००० हा महासंगणक ट्रान्सप्युटरांचाच होता. प्रत्येक घटकाची मेमरी त्याची स्वतःची, आणि सर्व व्यवहार संदेशांचा. या पक्षावरील आक्षेपही वजनदार आहेत. घटनाचक्रात एका कामाची कहाणी अनेक तुकड्यांत विखुरते. लॉअर व नीडहॅम यांनी तर सत्तरीच्या दशकातच दाखविले की, संदेश व सामायिक मेमरी या रचना परस्परांच्या प्रतिरूप आहेत. आणि फॉन बेरेन, कंडिट व ब्रूअर यांनी २००३ साली मोठ्या सर्व्हरांसाठी थ्रेडच अधिक योग्य, असे उलट प्रतिपादन केले.

तिसरा पक्ष लॉकविरहित रचनांचा. मायकेल व स्कॉट यांची १९९६ ची रांग केवळ तुलना-व-अदलाबदल या अणुक्रियेवर चालते. कर्नलमधील आरसीयू ही पद्धत तर वाचकांस लॉकच घ्यावयास लावत नाही : लेखकाने नवी प्रत तयार करावी, पॉइंटर बदलावा, जुने वाचक बाहेर पडेपर्यंत थांबावे, आणि मगच जुनी प्रत मोकळी करावी. पॉल मॅकेनी यांच्या प्रयत्नांनी २००२ पासून ती लिनक्समध्ये रूढ झाली. लाभ मोठा, परंतु या रचनांची शुद्धता पटविणे तज्ज्ञांसही जड जाते; आणि मेमरी केव्हा मोकळी करावी हा प्रश्न सी भाषेत, गार्बेज कलेक्शन नसल्यामुळे, विशेष बिकट होतो. हर्लिही व मॉस यांनी १९९३ मध्ये सुचविलेली, अनेक क्रिया एकसंध पार पाडणारी वा सगळ्या रद्द करणारी ट्रान्झॅक्शनल मेमरी याच वाटेवरील आशा होती. इंटेलने २०१३ साली ती यंत्रात आणली, पण पुढील वर्षीच दोष आढळून ती बंद करावी लागली, आणि त्यानंतर ती सर्वसामान्य व्यवहारात रुजली नाही.

चौथा पक्ष म्हणतो की, हा भार माणसावर ठेवणेच चूक. एडवर्ड ली यांनी २००६ साली असा युक्तिवाद केला की, थ्रेड स्वीकारताना आपण प्रोग्रामची निश्चितता सोडून देतो व ती मागाहून तुकड्यातुकड्याने परत मिळवू पाहतो. २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्ट भाषेत माहितीची मालकी कंपायलरच तपासतो, आणि डेटा रेस, म्हणजे समन्वयाविना एकाच माहितीवर दोन थ्रेडांचा एकाच वेळी व निदान एका लेखनासह होणारा व्यवहार, असलेला सुरक्षित प्रोग्राम त्याच्याकडून मंजूरच होत नाही. डेडलॉक मात्र तेथेही टळत नाही. लिनक्सनेही डिसेंबर २०२२ पासून रस्टला मर्यादित प्रवेश दिला. तथापि कोट्यवधी ओळींचा जो सी वारसा आज चालू आहे, त्याचे काय करावे, यास हा पक्ष सत्वर उत्तर देऊ शकत नाही.

मेमरी मॉडेल : भाषेची कबुली

एवढ्या वादात एक मूलभूत उणीव बराच काळ झाकलेली राहिली. कंपायलर व प्रोसेसर दोघेही वेगासाठी क्रियांचा क्रम बदलतात. प्रत्येक प्रक्रियेने आपला ध्वज उभारून मग दुसऱ्याचा ध्वज पाहावा, ही डेकर यांची रीत साठीच्या दशकात निर्दोष होती; आजच्या इंटेल प्रोसेसरवर ती जशीच्या तशी लिहिल्यास फसते, कारण आपला ध्वज उभारण्याचे लेखन स्टोअर बफरमध्ये थांबून राहते आणि त्याआधीच दुसऱ्याचा ध्वज वाचला जातो; दोघांनाही एकमेकांचा ध्वज खाली दिसतो, आणि दोघेही आत शिरतात. आर्मसारख्या प्रोसेसरवर क्रमबदलाची मुभा याहूनही अधिक. ‘व्होलाटाइल’ लिहिल्याने हा बंदोबस्त होतो, हा समज चुकीचा असूनही आजतागायत टिकून आहे.

हान्स बोम यांनी २००५ साली दाखवून दिले की, थ्रेडांची व्यवस्था केवळ लायब्ररीच्या आधारे निर्दोष करता येत नाही. स्ट्रक्चरमधील एका लहान क्षेत्रात लिहिताना कंपायलरने शेजारचे क्षेत्रही वाचून परत लिहिले, तर दोन्ही क्षेत्रांसाठी निराळे लॉक असूनही एका थ्रेडचे लेखन दुसऱ्याकडून पुसले जाते. प्रोग्रामरची चूक काहीच नसते, आणि जुन्या प्रमाणाप्रमाणे कंपायलरचीही नसते. या विचाराची परिणती २०११ च्या प्रमाणात झाली. सी११ ने मेमरी मॉडेल, म्हणजे एका थ्रेडचे लेखन दुसऱ्यास केव्हा दिसेल याचे नियम, पत्करले, कंपायलरला असे परकीय लेखन करण्यास मज्जाव केला, अणुक्रियांसाठी सहा प्रकारचे क्रम ठरवून दिले, आणि डेटा रेस असलेल्या प्रोग्रामला कोणताही अर्थ नाही असे जाहीर केले. जावाने रेस असलेल्या प्रोग्रामलाही काही किमान अर्थ देऊ केला आहे. सी ने तो देण्याचे नाकारले, कारण तसे केल्यास वेगाची किंमत मोजावी लागली असती. ही निवड योग्य की अयोग्य, याविषयी आजही जाणकारांत मतभेद आहेत.

अनिर्णित राहिलेले मुद्दे

पहिला मुद्दा प्रमाणाच्या स्वीकाराचा. सी११ मधील थ्रेडविषयक भाग ऐच्छिक आहे. लिनक्सच्या ग्लिबसी या सी लायब्ररीत तो २०१८ साली आला, ॲपलच्या सिस्टिममध्ये अद्याप नाही. शिवाय सी११ च्या या भागात वाचक-लेखक लॉक नाही, आणि म्यूटेक्सला घोषणेतच आरंभमूल्य देण्याची सोयही नाही. त्यामुळे प्रमाण असूनही व्यवहारात पीथ्रेड्सचीच सत्ता चालते. दुसरा मुद्दा सिद्धान्ताचा : अणुक्रियांच्या सर्वांत सैल क्रमात, कोणत्याही थ्रेडने न निर्मिलेली मूल्ये शून्यातून अवतरू नयेत, हे कंपायलरची मुभा कायम ठेवून नियमबद्ध कसे करावे, याची सर्वसंमत मांडणी झालेली नाही. आरसीयूसारख्या पद्धतींसाठी योजलेला ‘कन्झ्यूम’ हा क्रम तर कंपायलरांनी सरसकट अधिक कडक क्रमात रूपांतरित केला, आणि लिनक्सने २०१८ पासून स्वतःचे स्वतंत्र औपचारिक मॉडेल बाळगले आहे. तिसरा मुद्दा जुन्या व नव्या कल्पनांच्या संघर्षाचा : अनेक थ्रेड चालू असता फोर्क केल्यास, म्हणजे प्रक्रियेची प्रत काढल्यास, नव्या प्रक्रियेत एकच थ्रेड उरतो, परंतु इतरांनी धरलेले लॉक बंदच राहतात, आणि ते उघडणारा कोणी उरत नाही. चौथा मुद्दा संयोगाचा : लॉक वापरणारे दोन भाग स्वतंत्रपणे निर्दोष असले, तरी एकत्र जोडल्यावर ते निर्दोष राहतील याची खातरजमा करण्याची सर्वसामान्य रीत आजही आपल्यापाशी नाही.

साधनांच्या बाबतीत मात्र प्रगती निर्विवाद आहे. १९९७ च्या इरेझरपासून व्हॅलग्रिंडच्या हेलग्रिंडपर्यंत आणि तेथून जीसीसी व क्लँगमध्ये अंतर्भूत झालेल्या थ्रेडसॅनिटायझरपर्यंत रेस शोधणारी साधने उत्तरोत्तर समर्थ होत गेली. पण प्रोग्राम ज्या वाटेने प्रत्यक्ष गेला, त्याच वाटेवरील दोष ती दाखवितात. न चाललेल्या वाटेची हमी ती देत नाहीत.

निष्कर्ष

साऱ्या मतमतांतरांतून एक गोष्ट निष्पन्न होते : कोणताही पक्ष सामायिक, बदलती माहिती वाढवावी असे म्हणत नाही. लॉकवाले तिच्यावर पहारा बसवितात, संदेशवाले तिची वाटणी करतात, आरसीयूवाले तिची प्रत काढतात, आणि रस्टवाले तिची मालकी नोंदवितात. सी मध्ये राहूनच काम करावयाचे असेल, तर कंपायलर ही नोंद ठेवीत नाही म्हणून ती प्रोग्रामरने स्वतः ठेवली पाहिजे, असा प्रस्तुत लेखकाचा नम्र अभिप्राय आहे. या भाषेत काम करणाऱ्या वाचकांस विनंती एवढीच की, नवा थ्रेड निर्माण करण्यापूर्वी प्रत्येक सामायिक माहितीशेजारी तिचे रक्षण करणाऱ्या म्यूटेक्सचे नाव टिपणीत लिहावे, लॉक घेण्याचा क्रम एकदाच ठरवून तो मोडू नये, सैल क्रमाच्या अणुक्रियांचा मोह गरज सिद्ध होईपर्यंत टाळावा, आणि थ्रेडसॅनिटायझरखाली चालविल्यावाचून कोणताही प्रोग्राम दुसऱ्याच्या हाती देऊ नये.